जुन्या ब्रिटिश लॉऱ्या, त्यांची डागडुजी आणि छोटी मॉडेल्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमधल्या लँकेशरमधे राहतोय. आम्ही पाच मित्र मिळून एका शेतकऱ्याच्या भाड्याच्या शेडमधे १९५०ची बेडफोर्ड कंपनीची ओ टाईप लॉरी, पाच टनी, पुन्हा उभी करतोय. गावाकडून फोन आला की, इथे मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलं की, किंवा कोणी शेडमधे डोकावलं की साधारण तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय.

लॉरी म्हणायचं की ट्रक?

इथे लॉरीच. आपल्याकडेही जुनी माणसं लॉरीच म्हणायची. आणि इथल्या शौकीन लोकांत नुसतं "आठ-चाकी" म्हटलं की डोळ्यापुढे एकच चित्र येतं: पुढे दोन ऍक्सल, दोन्ही स्टिअरिंगबरोबर वळणारे, मागे दोन ऍक्सल, ट्रेलर नाही, सगळा माल एकाच लांब चासीवर. हा प्रकार ब्रिटनमधे एवढा फोफावला कारण १९३०च्या दशकात नियमाने आठ-चाकीला गाडी आणि माल धरून एकूण २२ टनांची परवानगी होती, १९५५मधे ती २४ टन झाली, आणि ट्रेलरची कटकट न करता जास्तीत जास्त माल न्यायचा तर हाच मार्ग होता.

तुला हे वेड कुठून लागलं?

मामांमुळे. मामांकडे हिंदुस्थान मोटर्सने बांधलेली बेडफोर्ड होती, उसाची वाहतूक करायचे. सीझनमधे मी फाळक्यावर बसून कारखान्याच्या रांगेत रात्र काढलीय आणि त्या बॉनेटवरचं नाव बोटाने गिरवत अक्षरं शिकलोय असं म्हटलं तरी चालेल. इथे आल्यावर एका मेळाव्यात ओ टाईप दिसली, तिचं ते गोल नाक, आणि बॉनेट उघडल्यावर गरम ग्रीस आणि पेट्रोलचा जो वास आला तो थेट मामांच्या अंगणातला होता.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी खरंच काही संबंध आहे का?

आहे की! १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली ती बेडफोर्डच होती, लाकडी बॉडीची, काथ्याच्या सीट्सची. म्हणजे आपल्या लाल परीची पणजी इंग्लंडमधल्या ल्यूटनची, बेडफोर्डच्या गावची. मुंबईत बेस्टच्या डबल डेकर एईसी आणि लेलँडच्या चासीवर होत्या. आणि अशोक लेलँड हे नाव तर रोज रस्त्यावर दिसतं. १९४८मधे मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्स सुरू झाली ती ऑस्टिनच्या मोटारी जोडायला, मग लेलँडशी करार झाला, कॉमेट लॉऱ्या जोडायला लागले आणि १९५५ला कंपनीचं नावच अशोक लेलँड झालं. लेलँड हे खरं तर गावाचं नाव आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना गावाच्या पाटीपाशी उभं करून फोटो काढतो आणि प्रत्येक जण म्हणतो, अरे हे गाव आहे होय!

कुठल्या कंपन्या होत्या? सगळ्या सारख्याच दिसतात.

थोडे दिवस बघा, मग लांबून नुसत्या रेडिएटरवरून ओळखाल. लेलँडची सुरुवात १८९६ची, तेव्हा नाव होतं लँकेशर स्टीम मोटर कंपनी, १९०७ला लेलँड मोटर्स झाली. यांनी लॉऱ्यांना प्राण्यांची नावं दिली: बीव्हर, हिप्पो, बायसन, लिंक्स, आणि आठ-चाकीला ऑक्टोपस, आठ पाय म्हणून! लंडनजवळच्या साउथॉलच्या एईसीचा हट्ट म अक्षराचा: मॅमथ मेजर, मॅटाडोर, मर्क्युरी, मोनार्क, मँडेटर. मॅटाडोर ही दुसऱ्या महायुद्धात तोफा ओढणारी चार-चाकी गाडी, लढाई संपल्यावर कितीतरी मॅटाडोर जंगलात ओंडके ओढायला आणि गॅरेजवाल्यांकडे बंद पडलेल्या गाड्या उचलायला गेल्या आणि तिथे पुढे कित्येक वर्षं राबल्या. १९६२ला एईसी लेलँडच्या पंखाखाली गेली, १९७९ला साउथॉलचा कारखाना बंद झाला.

ग्लासगोची अल्बियन, वुल्व्हरहॅम्प्टनची गाय (हो, उच्चार गायच, पुढे रेडिएटरच्या टोपणावर पिसांचा टोप घातलेलं डोकं असतं), बेसिंगस्टोकची थॉर्निक्रॉफ्ट, वॉटफर्डची स्कॅमेल. स्कॅमेलची तीन चाकांची मेकॅनिकल हॉर्स १९३४ला आली ती रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या घोड्यांच्या जागी, पुढे एकच चाक, त्यामुळे ती घोड्यासारखीच जागच्या जागी वळायची आणि ट्रेलर आपोआप जोडला जायचा.

पण सगळ्यात जीव लावणारी गोष्ट फोडनची. चेशरमधल्या सँडबॅच गावात फोडन वाफेच्या लॉऱ्या बनवायचे आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९३०च्या सुमारास घरातल्याच एडविन रिचर्ड फोडन यांना दिसलं की वाफेचे दिवस संपले, आता डिझेल, पण घरच्यांना ते पटेना. तेव्हा त्यांनी घरची कंपनी सोडली आणि १९३३मधे त्याच गावात स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांनी ईआरएफ काढली. पहिल्या लॉरीचा चासी नंबर १ नाही, ६३ टाकला, कारण तेव्हा त्यांचं वय ६३ होतं. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्त होऊन देवळाच्या पारावर बसतो त्या वयात यांनी नवा कारखाना सुरू केला, भावकी समोर उभी असताना. पुढे फोडननेही डिझेल घेतलंच, आणि सत्तरेक वर्षं एका गावात दोन घरं एकमेकांशी स्पर्धा करत राहिली. मला तर ही गोष्ट सांगताना दर वेळी भरून येतं.

सगळे गार्डनर गार्डनर काय करतात?

गार्डनर हे इंजिन. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनायचं आणि फोडन, ईआरएफ, ऍटकिन्सन, गाय अशा कितीतरी कंपन्या ते विकत घेऊन बसवायच्या. ६एलडब्ल्यू म्हणजे सहा सिलिंडर, ८.४ लिटर, १०२ अश्वशक्ती, आणि फेरे मिनिटाला जास्तीत जास्त १७००. आजच्या मानाने ताकद काहीच नाही, पण डिझेल पुरवून पुरवून खायचं आणि वर्षानुवर्षं तक्रार करायचं नाही. टेकडीवर दमलं तरी आवाज तोच, सावकाश, एका ठेक्यात, जात्यासारखा. गार्डनर मालकाला पैसे मिळवून द्यायचं म्हणून मालकही खूश आणि रस्त्यात अडकवायचं नाही म्हणून ड्रायव्हरही खूश.

याच्या अगदी उलट कॉमर कंपनीच्या लॉऱ्यांतलं टीएस३ इंजिन, १९५४चं. तीन सिलिंडर आणि पिस्टन मात्र सहा! प्रत्येक सिलिंडरमधे दोन पिस्टन समोरासमोर, मधे स्फोट, दोन्ही बाहेर ढकलले जातात आणि रॉकरच्या दांड्यांनी खालच्या एकाच क्रँकशाफ्टला फिरवतात. टू स्ट्रोक, ३.२६ लिटर, १०५ अश्वशक्ती. आवाज एवढा खणखणीत की मेळाव्यात कॉमर गेटमधून आत आली की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची माणसं हातातला चहा खाली ठेवून वळून बघतात. एकदा प्रत्यक्ष ऐकाच.

तेव्हाच्या ड्रायव्हरचं आयुष्य कसं होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला सगळ्यात जास्त आवडतो. १९५७पर्यंत रिकामी असताना ३ टनांहून जड असलेल्या लॉरीला कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा होती, नंतर ती ३० झाली. लंडन ते ग्लासगो साधारण ४०० मैल, म्हणजे नियमाने गेलं तर २० तास नुसतं चालवणं. केबिनमधे हीटर नाही. इंजिन केबिनमधेच असायचं त्यामुळे डावी मांडी भाजायची आणि उजवा पाय दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने गारठायचा. गुडघ्यावर गोणपाट, अंगात लष्करी ओव्हरकोट.

उत्तरेला जायचं तर केंडलच्या पुढे शॅपचा चढ, आपल्या भाषेत घाटच, सुमारे १४०० फुटांवर, उघडा माळ, हिवाळ्यात बर्फ. ए६ हाच रस्ता होता, १९७०मधे एम६ मोटरवे तिकडून झाला तेव्हा कुठे सुटका. वाटेत जंगल कॅफे नावाचा ड्रायव्हरांचा थांबा होता, तिथे अख्ख्या रात्री गाड्या उभ्या असायच्या. आज माथ्यावर त्या ड्रायव्हरांच्या आणि वाटेत त्यांना आसरा देणाऱ्या स्थानिक लोकांच्या आठवणीचा एक दगड आहे. रस्ता बांधणाऱ्यांचे किंवा उद्घाटन करणाऱ्यांचे दगड सगळीकडे असतात, रस्त्यावर गाड्या हाकणाऱ्यांचा दगड मी तरी हा एकच पाहिलाय.

आमच्या शेडमधे एक म्हातारे ड्रायव्हर येतात, नव्वदीच्या घरातले. बोटं सांध्यांत सुजलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. एकदा आम्ही हौद्यावर ताडपत्री टाकून दोर आवळत होतो आणि तो काही केल्या ताठ बसेना. ते उठले, दोर हातात घेतला, एक वेढा मुडपला, त्यात फास सरकवला, खालच्या आकड्यातून ओढून अंगाचं वजन टाकलं, झालं, दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा! इथे त्या गाठीला डॉली म्हणतात. आम्ही म्हटलं परत दाखवा, तर म्हणाले सावकाश करून दाखवता येत नाही, हाताला विचार. मग आम्ही मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि एकेक चित्र थांबवून शिकलो.

मला एक जुनी लॉरी मिळतेय, सुरुवात कुठून करू?

पाना हातात घेण्याआधी कॅमेरा घ्या. चारशे फोटो काढा, सहाशे काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक पाईप कुठल्या कडीत अडकलाय, दाराच्या आतल्या बाजूला काय खरडलंय. मग प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. तीन वर्षांनी आठवेल असं वाटतं, तीन महिन्यांनी आठवत नाही.

आणि आधी चासी बघा. रंग, सीट, दिवे यात जीव अडकतो पण चासीला तडा असेल, स्प्रिंगच्या पाट्यांची ब्रॅकेटं गंजून खपली झाली असतील तर बाकी सगळं व्यर्थ. इंजिन जाम असेल तर हँडल मारून जबरदस्ती करू नका, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे पातळ तेल सोडा आणि आठवडाभर तिकडे बघू नका.

केबिन लाकडी असते हे खरं का?

बऱ्याच कंपन्यांत, हो. फोडन, ईआरएफ, ऍटकिन्सन यांच्या जुन्या केबिनचा सांगाडा ऍश नावाच्या लाकडाचा, वर पत्रा ठोकलेला. इथे हातोड्याचे दांडे करतात तेच लाकूड, चिवट, धक्का खाणारं. पाणी मुरलं की मात्र आतून भुसा होतो आणि बाहेरून पत्रा चकचकीत, काही कळत नाही. दाराच्या बिजागरीपाशी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत शिरला तर समजा की सुतारकाम आलं. कुजलेला तुकडा फेकू नका, कितीही वाईट दिसला तरी, कारण नवा तुकडा कापायला तोच नमुना. आमच्यातला एकजण मित्राच्या ईआरएफच्या केबिनवर दोन हिवाळे फक्त लाकूड करत होता.

जुना रंग पूर्ण काढून टाकू का?

नाही. थांबा. यावर मी भांडतो.

लॉरी ही कामाची गाडी. ती कोणाची होती, कुठल्या गावची, काय वाहायची हे सगळं तिच्या रंगात लिहिलेलं असतं आणि ते एकदा गेलं की कुठल्याच कागदावर परत मिळत नाही. आम्ही सुरुवातीला एका वर्कशॉपला मडगार्ड वाळूच्या फवाऱ्याने साफ करायला दिलं, परत आलं ते लाटेसारखं वाकडं, पत्रा ताणला गेला होता, आणि रंगाचा एक कण शिल्लक नाही. ते अजून मनाला लागून आहे.

दारं मग आम्ही कोणाला दिली नाहीत. बारीक वॉटर पेपर, बादलीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आणि तळहाताएवढ्या जागेत गोल गोल घासायचं. वरचा निळा गेला, खाली राखाडी प्रायमर, मग विटकरी, आणि विटकरीच्या खाली हिरवा. हिरव्यावर अचानक एक पिवळट वळण दिसलं. पेपर टाकून दिला आणि नुसत्या ओल्या फडक्याने पुसत गेलो, तर आधी "अँड", मग "सन्स", आणि त्याखाली अर्धंमुर्धं गावाचं नाव. ब्रशने हाताने काढलेली अक्षरं, प्रत्येकाला उजवीकडे लाल सावली, "स"च्या आवाजाच्या त्या इंग्रजी अक्षराच्या शेपटीला पेंटरने दिलेला एक जास्तीचा झोका. सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी श्वास रोखून तो झोका दिला असणार. शेडमधे कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

म्हणून आमचा निर्णय असा झाला की एक दार तसंच ठेवायचं, वरून फक्त पारदर्शक थर, आणि दुसरं दार त्या अक्षरांवरून ट्रेसिंग घेऊन पेंटरकडून नव्याने लिहून घ्यायचं. दोघांना हे पटलं नव्हतं, त्यांना गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती, तेही प्रेमापोटीच. पण आता पाहणारे लोक त्या जुन्या दारापाशीच थांबतात. एक महत्त्वाचं: जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासू नका, ओलंच घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. ब्रेक लायनिंगच्या धुळीत ऍस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर हवेची नळी मारायची नाही म्हणजे नाही.

गाडीचा इतिहास कसा शोधायचा?

नंबरपासून. जुन्या नंबरमधली दोन अक्षरं गाव सांगतात, सीके म्हणजे प्रेस्टन. जुनं लॉगबुक मिळालं तर सोनं, त्यात मालकांची यादी असते. ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे जुन्या नोंदणीची भरपूर दप्तरं आहेत, आणि लेलँडच्या म्युझियमकडे लेलँडची आणि तिच्या गटातल्या कंपन्यांची जुनी कागदपत्रं.

चालवायला वेगळं लायसन्स लागतं का? टेस्ट?

ब्रिटनमधे १ जानेवारी १९६०च्या आधीची लॉरी रिकामी चालवायची असेल तर साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालते, वय आणि अनुभवाच्या अटी आहेत त्या बघून घ्या. गाडीच्या दरवर्षीच्या तपासणीची, म्हणजे टेस्टची, सूटही तशीच, रिकामी असेल तर. सूट आहे म्हणून ब्रेक न बघता रस्त्यावर येणं हे मात्र पाप आहे.

आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, काळजी घेऊन. इथे २०००पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, त्यामुळे जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजू नयेत म्हणून टाकीत ऍडिटिव्ह घालतात. २०२१पासून साध्या पेट्रोलमधे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाईप खातं. पाईप बदला आणि ५ टक्केवालं महाग पेट्रोल भरा.

चाकं स्वतः खोलू का?

जुन्या लॉरीच्या चाकाच्या डिस्कला टायर जागेवर धरणारी लॉकिंग रिंग असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय, व्हॉल्व्हची पिन बाहेर काढल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात. रिंग सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते. ज्याला माहितीये त्याच्याकडूनच करून घ्या.

गिअर पडत नाही, नुसता करकरतो, काय चुकतंय?

सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही म्हणून. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, वरच्या गिअरला जायचं तर इंजिनचे फेरे उतरू द्या, खालच्याला जायचं तर थोडं ऍक्सिलरेटर द्या, परत क्लच, मग गिअर. आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरना हे सांगायलाच नको, मामा डबल क्लच एवढ्या सहज मारायचे की शेजारी झोपलेला किन्नर, म्हणजे क्लीनर, जागा व्हायचा नाही. कानाने चालवायची गाडी आहे ही.

घरात जागा नाही, मॉडेल्स गोळा करायची तर कुठला स्केल घेऊ?

३० फुटांची आठ-चाकी धरा. १:७६मधे ती १२ सेंटीमीटर होते, १:५०मधे १८, आणि १:२४मधे तब्बल ३८. १:७६ हा इथल्या ओओ गेज मॉडेल रेल्वेबरोबर जातो त्यामुळे त्यात निवड चिक्कार आहे, ऑक्सफर्ड डायकास्ट वगैरे, आणि मुंबईच्या फ्लॅटमधे एका फळीवर चाळीस गाड्या मावतात. कॉर्गीच्या मोठ्या लॉऱ्या १:५०च्या, जड, हातात घेतल्यावर समाधान देणाऱ्या. स्वतः जोडायची असेल तर एमहार कंपनीचा १:२४चा बेडफोर्ड ओ टाईपचा किट आहे, आमच्याच गाडीची बहीण, म्हणून तो माझ्या टेबलावर आहे. एअरफिक्सची मॅटाडोर लहान मुलांबरोबर करायला उत्तम.

जुन्या डिंकी घ्याव्यात का?

बघून घ्या. डिंकी या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या, लिव्हरपूलला बिन्स रोडच्या मेकॅनो कारखान्यात बनायच्या, १९७९ला तो बंद झाला. १९४७पासूनच्या सुपरटॉईजमधली फोडन आठ-चाकी आणि जाहिराती रंगवलेल्या गायच्या व्हॅन यांच्यामागे लोक वेडे आहेत, त्यातही कडेने साखळ्या लावलेली फोडन. युद्धाआधीच्या मॉडेल्समधे एक रोग असतो: जस्ताच्या मिश्रणात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, बारीक तडे जातात आणि एक दिवस गाडीचा चुरा होतो. त्याला औषध नाही. विकत घेताना उजेडात तिरकी धरून तडे बघा. आणि रंग उडालेली डिंकी परत रंगवू नका, तो रंग कोणातरी पोराने फरशीवर ढकलून घालवलाय.

मॉडेल खऱ्यासारखं दिसत नाही, खेळणं वाटतं.

कारण ते कुठल्याच एका गाडीचं नाही. एक खरा फोटो निवडा, एका विशिष्ट गाडीचा, आणि तीच करा. मी आमच्या बेडफोर्डची करतोय. ताडपत्री टिश्यू पेपरची, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमधे बुडवून मालावर अंथरायची, ओली असतानाच सुईने चुण्या पाडायच्या. दोरासाठी शिवणाचा सुती दोरा, पण तो मेणावरून दोनदा ओढून घ्या, नाहीतर त्याची लव या स्केलमधे काथ्याएवढी दिसते. धूळ पेस्टल खडूची, मागच्या चाकांवर जास्त, ड्रायव्हरच्या दाराच्या कडीभोवती मात्र रंग घासून चकाकलेला, कारण तिथे रोज हात लागतो. आणि हो, दोराला डॉलीच मारायची, चिमट्याने. मला एका गाठीला पाऊण तास लागला.

या गाड्या चालताना कुठे बघता येतील?

लेलँड गावात ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम आहे, १९८३पासून, लेलँडच्याच जुन्या इमारतीत. लंडनला मे महिन्यात येणं होणार असेल तर लंडन ते ब्रायटन रन चुकवू नका, हिस्टॉरिक कमर्शियल व्हेइकल सोसायटी १९६२पासून भरवते. रस्त्याच्या कडेला डबा घेऊन बसा आणि नुसतं ऐका.

घरात जुन्या गाड्यांचे फोटो सापडलेत, काय करू?

काही चिकटवू नका, लॅमिनेट करू नका. स्कॅन करा, नंबरप्लेट वाचता येईल इतका मोठा. आणि घरातलं जे कोणी म्हातारं माणूस ओळखू शकेल त्याच्याजवळ आजच बसा: गाडी कोणाची, कुठे उभी आहे, हौद्यात काय आहे, फाळक्यावर बसलेला पोरगा कोण. ते सगळं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो. मामांच्या बेडफोर्डचा आमच्याकडे एकच फोटो आहे, मागे मामींच्या अक्षरात "उसाची पहिली खेप" एवढंच आहे, आणि त्यातलं साल मी अजून शोधतोय.